नोडवरच्या इव्हेंटचा वेग किती ठेवायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडे क्लस्टर सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातल्या पतसंस्था, नागरी सहकारी बँका, हॉस्पिटलं, साखर कारखाने आणि उद्यमबागेतले कारखाने आता आपलं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवू लागले आहेत. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं. लेखा विभागामागच्या खोलीत दोन-तीन मशीन, त्यावर कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) किंवा तिचं हलकं रूप के३एस, आणि सगळं बघणारा माणूस एकच. सुरक्षेसाठी वेगळी टीम नसते. म्हणून नोड (या मशीनांचा गट म्हणजे क्लस्टर, त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड) स्वतःहून जे सांगतो ते नीट ऐकू येणं इथे फार महत्त्वाचं आहे. हे पान त्या एका माणसासाठी आहे.

एक सूचना आधीच. सेटिंगची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच लिहायची.

इव्हेंट म्हणजे लॉगच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. तुमचं ॲप्लिकेशन जे छापतं तो कंटेनरचा लॉग. एपीआय सर्व्हरकडे (क्लस्टरचा सगळा कारभार ज्यातून चालतो ते दार) कोणी काय मागितलं याची वही म्हणजे ऑडिट लॉग. आणि इव्हेंट म्हणजे क्लस्टरच्या घटकांनी स्वतः नोंदवलेली छोटी बातमी: ही इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) आणली, हा कंटेनर सुरू केला, हा मारला, हा व्हॉल्यूम (साठवणीची जागा) जोडता आला नाही, हा नोड रीबूट झाला.

नोडवरचे इव्हेंट क्युबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवर चालणारा कुबरनेटीसचा कारभारी, लिहितो आणि एपीआय सर्व्हरकडे पाठवतो. तिथून ते एटसीडीत, म्हणजे क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये, जातात. या पानावरचे बहुतेक प्रश्न क्युबलेटच्या या पाठवण्याच्या वेगाबद्दलच आहेत.

हा वेग कुठल्या सेटिंगने ठरतो? मूळ आकडा किती असतो?

दोन सेटिंग आहेत. इव्हेंट रेकॉर्ड क्यूपीएस म्हणजे एका सेकंदाला जास्तीत जास्त किती इव्हेंट पाठवायचे. इव्हेंट बर्स्ट म्हणजे अचानक गर्दी झाली तर एका दमात किती सोडायचे. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. टाकी भरलेली असेल तर सगळे नळ एकदम सोडता येतात, पण ती रिकामी झाली की मोटर जेवढं पाणी चढवते तेवढंच मिळतं. बर्स्ट ही टाकी आणि क्यूपीएस ही मोटर.

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या कुबरनेटीसच्या १.२७ आवृत्तीपासून हे आकडे ५० आणि १०० आहेत. त्याआधी ते ५ आणि १० होते. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी 'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणून जुन्या आवृत्त्या चालू आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर तुमचा नोड सेकंदाला पाचच इव्हेंट पाठवतोय.

मर्यादेपलीकडचा इव्हेंट जातो कुठे? एरर येते का?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांचा समज असतो की जास्तीचा इव्हेंट त्याच क्षणी फेकला जातो. तसं होत नाही. तो आधी रांगेत थांबतो. क्युबलेट ज्या क्लायंट-गो लायब्ररीवर उभा आहे, तिच्यात इव्हेंटसाठी १००० ची रांग असते. मर्यादेप्रमाणे एकेक इव्हेंट पुढे सरकतो. रांग भरली की नवे इव्हेंट गळतात, आणि बहुतेक वेळा एक शब्दही न बोलता गळतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही रांग फक्त मेमरीत असते, डिस्कवर नसते. मशीन बंद पडलं किंवा क्युबलेट रीस्टार्ट झाला की रांगेत थांबलेलं सगळं पुसलं जातं.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. बेळगावातल्या एका पतसंस्थेचा क्लस्टर मी बघत होतो. आवृत्ती जुनी, मर्यादा ५ आणि १०. जुलैतल्या एका रात्री वीज गेली आणि यूपीएसही संपला. दोन वाजून पाच मिनिटांनी वीज आली आणि दोन-नऊला एक नोड उठला. त्यावरचे ८५ पॉड (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा छोटा गट) एकदम जागे झाले. स्टोरेजचं मशीन अजून उठायचं होतं, त्यामुळे व्हॉल्यूम न जोडता आल्याचे इव्हेंट धडाधड येऊ लागले. कंट्रोल प्लेनचं, म्हणजे एपीआय सर्व्हर आणि एटसीडी चालवणारं, मशीन वेगळ्या इन्व्हर्टरवर असल्यामुळे ते चालू होतं आणि येईल ते घेत होतं. दोन-अकराला वीज पुन्हा गेली.

हिशेब मांडून पाहा. दोन मिनिटांत सेकंदाला ५ प्रमाणे ६०० आणि टाकीतले १०. यापेक्षा जास्त इव्हेंट बाहेर पडणं शक्यच नव्हतं. बाकीचे रांगेत होते आणि ते विजेबरोबर गेले. सकाळी एका पॉडची इमेज आदल्या दिवसापेक्षा वेगळी दिसली. कोणी बदलली, कधी बदलली? ज्या इव्हेंटमध्ये इमेजचं नाव आणि वेळ मिळाली असती तो इव्हेंटच नव्हता. शेवटी त्या नोडच्या डिस्कवरच्या कंटेनरडीच्या, म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नोंदी चाळल्या. आदल्या संध्याकाळी आमच्याच एका डेव्हलपरने 'लेटेस्ट' टॅगखाली नवी इमेज ढकलली होती आणि पॉड पुन्हा उठताना तीच आली, हे कळायला दीड दिवस गेला. त्यात धोका काही नव्हता. पण त्या दीड दिवसात लोकांच्या ठेवींचा डेटा सुरक्षित आहे का, याचं खात्रीचं उत्तर मी देऊ शकत नव्हतो. तो दीड दिवस मी विसरलेलो नाही.

इव्हेंट उशिरा पोहोचला हे ओळखायचं कसं?

प्रत्येक इव्हेंटमध्ये दोन वेळा असतात. 'फर्स्ट टाइमस्टँप' क्युबलेट लिहितो, घटना घडली तेव्हाची. मेटाडेटातला 'क्रिएशन टाइमस्टँप' एपीआय सर्व्हर लिहितो, नोंद पोहोचली तेव्हाची. एरवी दोन्ही जवळजवळ सारख्या असतात. वर सांगितलेल्या रात्रीच्या शेवटच्या इव्हेंटमध्ये दीड मिनिटापेक्षा जास्त फरक होता. तो फरक तेव्हाच बघितला असता तर रांग साचली आहे हे लगेच कळलं असतं. आता मी डॅशबोर्डवर हा फरक नेहमी लावतो आणि तो १० सेकंदांच्या वर गेला की सूचना येते.

याशिवाय नोडवर क्युबलेटच्या जर्नलमध्ये 'क्लायंट-साइड थ्रॉटलिंग' हे शब्द शोधा. विनंती एक सेकंदाहून जास्त थांबली तर अशी ओळ उमटते. प्रोमीथियस (आकडे गोळा करणारं साधन) असेल तर क्युबलेटच्या 'रेस्ट क्लायंट रेट लिमिटर ड्युरेशन सेकंड्स' या मेट्रिकवर लक्ष ठेवा.

० लिहिलं की मर्यादाच राहत नाही, असं ऐकलंय. तेच करू का?

करू नका. याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे ० चा अर्थ सगळीकडे एक नाही. क्युबलेटच्या कॉन्फिगरेशनच्या दस्तऐवजात '० म्हणजे मर्यादा नाही' असं वाचायला मिळतं. पण क्लायंट-गो लायब्ररीत ० म्हणजे 'आकडा दिलाच नाही', आणि तसं दिसलं की ती स्वतःचा ५ लावते. म्हणजे दरवाजा सताड उघडायला जावं आणि तो आणखी लोटला जावा, अशी वेळ येऊ शकते. सीआयएस बेंचमार्कच्या (सुरक्षित सेटिंगची प्रचलित चेकलिस्ट) जुन्या आवृत्त्यांत हा आकडा ० ठेवा असं स्पष्ट लिहिलं होतं. नंतरच्या आवृत्त्यांत 'योग्य नोंद होईल इतकी पातळी ठेवा' असा बदल झाला. जुनी चेकलिस्ट हातात घेऊन कोणी ऑडिटर आला तर त्याला हे शांतपणे दाखवा.

दुसरं कारण हिशेबाचं. इव्हेंट मुळात एक तास साठून राहतो, म्हणून तासाचा आकडा धरू. एका नोडने सेकंदाला ५० इव्हेंट सोडले तर तासाला १,८०,०००. तीन नोड धरले तर ५,४०,०००. एक इव्हेंट साधारण एक केबीचा धरला तर अर्धा जीबी. एटसीडीची मूळ मर्यादा २ जीबी असते, त्यात हे बसतं. मर्यादा नसेल आणि बिघडलेल्या पॉडांनी सेकंदाला ५०० चा मारा केला तर तोच हिशेब पाच जीबीच्या वर जातो. एटसीडी भरला की तो नवं काही लिहू देत नाही आणि क्लस्टरमधला प्रत्येक बदल तिथेच अडतो. दुसऱ्याचा क्लस्टर पाडायला निघालेल्याला हा रस्ता चांगला माहीत असतो.

मोठ्या क्लस्टरमध्ये इव्हेंटसाठी वेगळा एटसीडी ठेवतात, एपीआय सर्व्हरच्या 'एटसीडी सर्व्हर्स ओव्हरराइड्स' या पर्यायाने. आपल्याकडच्या तीन मशीनना त्याची गरज पडत नाही.

मग आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी आकडा किती ठेवायचा?

माझं मत सांगतो. एका नोडवर पॉडांची मूळ मर्यादा ११० असते. तेवढ्यासाठी ५० आणि १०० पुरतात. आवृत्ती १.२७ च्या आधीची असेल तर हेच आकडे हाताने लिहा. रात्री शेकडो छोटे जॉब चालवणारा नोड असेल तर १०० आणि २०० वर जा, पण आधी मोजा.

मोजायचं कधी, हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. पतसंस्थेचं मोजमाप मे महिन्यात घेऊन काही कळत नाही. ते मार्चअखेरीला घ्या, व्याज टाकण्याचे आणि ताळेबंदाचे जॉब एकामागून एक सुटतात तेव्हा. साखर कारखान्याचं गळीत हंगाम ऐन भरात असताना घ्या, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दिवसरात्र चालू असतं तेव्हा. हॉस्पिटलचं सोमवारी सकाळी. त्या काळातलं सगळ्यात वाईट मिनिट शोधा, त्यातल्या एका नोडच्या इव्हेंटांना ६० ने भागा आणि आलेल्या आकड्याची तिप्पट करा. ती ५० च्या आत असेल तर ५० वरच थांबा.

वीज गेल्यावर परत उठतानाचा मारा या मोजमापात येत नाही. तो मुद्दाम करून बघायला लागतो. एका रविवारी, काम बंद असताना, व्यवस्थापकांना सांगून, एक नोड बंद करून चालू करा आणि इव्हेंट मोजा. आपल्याकडच्या पावसाळ्याची तयारी अशीच होते.

सेटिंग नेमकं कुठे बदलायचं?

क्युबएडीएमने उभारलेला क्लस्टर असेल तर नोडवर व्हार, लिब, क्युबलेट या फोल्डरात कॉन्फिग डॉट यामल ही फाइल असते. पण फक्त तिच्यात बदल करून थांबू नका, पुढच्या अपग्रेडला तो पुसला जाईल. आधी क्युब-सिस्टिम नेमस्पेसमधल्या 'क्युबलेट-कॉन्फिग' या कॉन्फिगमॅपमध्ये बदल करा. मग प्रत्येक नोडवर 'क्युबएडीएम अपग्रेड नोड फेज क्युबलेट-कॉन्फिग' चालवा आणि क्युबलेट रीस्टार्ट करा. चालू कंटेनर त्यामुळे बंद पडत नाहीत. तरी एका वेळी एकच नोड घ्या.

सेटिंगचं नाव लिहिताना 'इव्हेंट रेकॉर्ड क्यूपीएस' हे मधे जागा न सोडता सलग लिहायचं. पहिलं अक्षर लहान, 'रेकॉर्ड'चं पहिलं अक्षर मोठं, क्यूपीएसची तिन्ही अक्षरं मोठी. 'इव्हेंट बर्स्ट'मध्ये पहिलं अक्षर लहान आणि 'बर्स्ट'चं पहिलं मोठं. यात चूक होणारे बरेच भेटलेत.

के३एस असेल तर ईटीसी, रँचर, के३एस या फोल्डरातल्या कॉन्फिग डॉट यामलमध्ये 'क्युबलेट-आर्ग' खाली 'इव्हेंट-क्यूपीएस' आणि 'इव्हेंट-बर्स्ट' असे दोन पर्याय द्या. मग सर्व्हरवर के३एसची आणि बाकी नोडवर के३एस-एजंटची सर्व्हिस रीस्टार्ट करा. एकट्या सर्व्हरवरचा के३एस एटसीडीऐवजी एसक्यूलाइट वापरतो, तिथे आकडा जपून वाढवा.

कमांड लाइनवर दिलेला पर्याय फाइलवर मात करतो. फाइलमध्ये ५० आणि सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी जुना ५ ठेवलेला, असं असेल तर ५ च चालतो.

बदल खरंच लागू झाला का, हे कसं बघायचं?

फाइल वाचून खात्री होत नाही. चालू क्युबलेटलाच विचारा. 'क्युबसीटीएल गेट' ला 'रॉ' पर्याय देऊन नोडच्या प्रॉक्सीखालचा 'कॉन्फिगझी' हा पत्ता मागवा. क्युबलेट सध्या कोणत्या सेटिंगवर चालला आहे हे सगळं जेसनमध्ये येतं. त्यात दोन्ही आकडे शोधा. यासाठी नोडच्या प्रॉक्सीचा अधिकार लागतो. तो फार मोठा अधिकार आहे, रोजच्या वापराच्या खात्याला देऊ नका.

क्यूब-बेंच (सीआयएस बेंचमार्कप्रमाणे तपासणारं साधन) चालवलंत तर या मुद्द्यावर तो 'हाताने तपासा' अशी वॉर्निंग देऊन पुढे जातो. ती तशीच सोडू नका.

नंतर प्रत्यक्ष चाचणी घ्या. काहीच न करणाऱ्या पॉज इमेजचे ६० पॉड एकाच नोडवर सोडा. इमेज तिथे आधीच असेल तर प्रत्येकाचे क्युबलेटकडून तीन इव्हेंट येतात: इमेज मिळाली, कंटेनर तयार झाला, सुरू झाला. म्हणजे १८०. मोजा, १८० भरतात का. ५ आणि १० ची मर्यादा असेल आणि सगळे एकदम तयार झाले, तर शेवटच्याला पोहोचायला किमान ३४ सेकंद लागतात. हा उशीर एकदा डोळ्यांनी पाहिला की आकडा का वाढवायचा हे वरिष्ठांना समजावताना शब्द शोधावे लागत नाहीत.

वेग वाढवला, तरी एकाच पॉडचे इव्हेंट गायब होतात. का?

कारण ती चाळणी वेगळी आहे. क्लायंट-गोमध्ये प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र मोजणी असते. एका पॉडबद्दल एका स्रोताकडून सुरुवातीला २५ इव्हेंट जातात, त्यानंतर दर पाच मिनिटांना एक. शिवाय दहा मिनिटांत एकसारखे दहा इव्हेंट आले की पुढचे एकत्र गुंडाळले जातात. क्युबलेटच्या सेटिंगने यातलं काही बदलत नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने यात धोका आहे. सतत कोसळणारा पॉड आपला वाटा पडण्या-उठण्यातच संपवतो. त्यानंतर त्याच पॉडबद्दलची खरी महत्त्वाची बातमी आली तर ती गाळली जाऊ शकते. म्हणून सतत कोसळणारा पॉड 'बघू उद्या' म्हणून सोडू नका. तो दुरुस्त करा, नाहीतर बंद करा.

कोणत्या इव्हेंटवर लक्ष ठेवायचं?

अनोळखी रजिस्ट्रीतून इमेज आणल्याचा इव्हेंट सगळ्यात आधी. नंतर कोणी काही रोलआउट केलेलं नसताना कंटेनर मारल्याचा. सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) जोडता न आल्याचा. आणि 'रीबूटेड'.

या शेवटच्यावर माझा विशेष जोर आहे. बूट आयडी (मशीन दर वेळी सुरू होताना मिळणारी नवी ओळख) बदलला की क्युबलेट हा इव्हेंट नोंदवतो. आपल्याकडे सर्व्हरच्या खोलीची किल्ली कितीजणांकडे असते ते आठवा. वीज गेलेली नसताना रात्री एक वाजता एकच नोड रीबूट झाला असेल, तर पासवर्ड तपासण्याआधी खोलीचं कुलूप आणि कॅमेरा तपासा.

इव्हेंटमध्ये काय दिसत नाही हेही माहीत हवं. 'एक्झेक' करून कोणी चालू पॉडच्या आत शिरलं तर त्याचा इव्हेंट होत नाही. सीक्रेट नुसतं वाचलं तर त्याचाही नाही. या दोन्ही गोष्टी एपीआय सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्येच सापडतात. तो लॉग ऑडिट पॉलिसी दिल्याशिवाय सुरूच होत नाही.

सकाळी बघायला गेलं तर रात्रीचे इव्हेंट नसतातच. वेगाचा काय उपयोग?

बरोबर आहे. एपीआय सर्व्हरवर 'इव्हेंट टीटीएल' नावाचं, इव्हेंट किती वेळ ठेवायचा ते ठरवणारं सेटिंग आहे आणि ते मुळात एक तासाचं असतं. रात्री दोनचं सकाळी दहाला मिळणार नाही. टीटीएल वाढवून एटसीडीला गोदाम करू नका. इव्हेंट बाहेर काढा. फ्लुएंट बिट या नोंदी गोळा करून पाठवणाऱ्या साधनात कुबरनेटीस इव्हेंटसाठी इनपुट आहे, तिथून ते लोकी किंवा वाझूह या नोंदी साठवणाऱ्या साधनांत पाठवता येतात. साठवण्याचं मशीन क्लस्टरच्या बाहेर हवं. ज्याला इव्हेंट डिलीट करायचा अधिकार मिळाला, तो क्लस्टरमधले पुरावे एका कमांडने साफ करू शकतो.

इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवत असाल तर फ्लुएंट बिटचं बफरिंग डिस्कवर ठेवा, मेमरीत नको. रस्त्याचं काम निघालं की फायबर तुटते आणि अर्धा दिवस लाइन नसते, हा अनुभव निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना आहे. लाइन परत आली की डिस्कवरचं सगळं पुढे जातं.

किती दिवस साठवायचं? कायदा काय म्हणतो?

सर्ट-इनने (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ते भारताच्या हद्दीत ठेवायचे असतात. निर्देशांत दिलेल्या प्रकारांतली घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवायची असते. सहा तास ऐकायला बरे वाटतात. पण नेमकं काय झालं हे शोधायलाच दीड दिवस लागला तर त्या सहा तासांत तुम्ही काय लिहिणार?

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं ३१ डिसेंबर २०१९ चं सायबर सुरक्षेचं परिपत्रक आहे, त्यात बँकांच्या चार पातळ्या केल्या आहेत. तुमची बँक कोणत्या पातळीत येते ते बघून घ्या. पतसंस्थेला ते थेट लागू नाही. तरी मी पतसंस्थांनाही तीच शिस्त सुचवतो, कारण ठेवीदार तोच आहे.

वेळ जुळत नाही. इव्हेंट साडेपाच तास मागे का दिसतो?

इव्हेंटची वेळ यूटीसीत असते. आपल्याकडची रात्री २:१४ ची वेळ तिथे आदल्या तारखेची २०:४४ दिसते. तारीखही बदलते, अहवाल लिहिताना इथेच चूक होते. साठवताना यूटीसीच राहू द्या, दाखवताना ग्राफानात (डॅशबोर्डचं साधन) भारतीय वेळ लावा.

सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली हवीत. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी घड्याळ जुळवायला सांगितलं आहे. एनआयसीच्या सर्व्हरचं नावच 'समय' आहे. एका मशीनवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) लावून ते 'समय'शी जोडा आणि बाकीची त्या मशीनशी. मशीनची सीमॉस बॅटरी संपलेली असेल तर वीज आल्यावर घड्याळ भलतीकडेच असतं, आणि क्रोनी ते सुधारेपर्यंतचे इव्हेंट चुकीच्या वेळेने लिहिले जातात. बॅटरी बदलून घ्या, स्वस्त असते.

नोडवर आणखी कुठे कुठे अशा मर्यादा आहेत?

तीन ठिकाणी नक्की बघा. सिस्टिमडीच्या जर्नलला प्रत्येक सर्व्हिसमागे ३० सेकंदांत १०,००० संदेशांची मूळ मर्यादा असते. डिस्कवर मोकळी जागा जास्त असेल तर ती वाढते. गळालं की 'सप्रेस्ड' अशी ओळ तरी येते.

लिनक्सच्या ऑडिटडीत 'ऑडिटसीटीएल'ने स्थिती मागवली की 'लॉस्ट' नावाचा आकडा दिसतो. तो शून्य हवा. वाढत असेल तर बॅकलॉग वाढवा, ८१९२ पासून सुरू करा. तिथे रेटचा ० म्हणजे खरोखर मर्यादा नाही, क्युबलेटसारखा घोळ नाही.

तिसरी, एपीआय सर्व्हर ऑडिट लॉग वेबहुकने पाठवत असेल तर. त्याचं बफर १०,००० चं असतं, एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त ४००, आणि सेकंदाला १० गठ्ठे.

'इव्हेंट रेट लिमिट' नावाचा ॲडमिशन प्लगइन लावू का?

अनेक टीम एकच क्लस्टर वापरत असतील आणि त्यातली एखादी इव्हेंटचा पूर आणत असेल, तरच. तो एपीआय सर्व्हरच्या दारात उभा राहतो आणि सर्व्हर, नेमस्पेस, युजर किंवा स्रोत यानुसार अडवतो. मुळात बंद असतो, अजून अल्फा अवस्थेत आहे. छोट्या ठिकाणी नको.

सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये पाठवता येतील का?

येतील, आणि पाठवाव्यात. इव्हेंटमधलं कारण इंग्रजीतच असतं, ते बदलू नका, शोधताना लागतं. पण अलर्टच्या टेम्प्लेटमध्ये यूटीएफ-८ चालतं. रात्री फोन पाहणारा वॉचमन कन्नड वाचत असेल तर त्याला 'रीबूटेड' या शब्दातून काही समजत नाही. 'तीन नंबरचं मशीन आत्ता बंद होऊन चालू झालं, खोलीचं कुलूप बघा' हे एकाखाली एक दोन्ही भाषांत गेलं की तो खुर्चीवरून उठतो. मी दोन ठिकाणी असं करून दिलंय. वाक्य छोटं ठेवा, मशीनचा नंबर आधी लिहा, आणि तोच नंबर मशीनवर मोठ्या अक्षरांत चिकटवा.

एकदा लावलेला आकडा पुन्हा कधी तपासायचा?

प्रत्येक अपग्रेडनंतर, नवा नोड जोडला की, आणि मे संपायच्या आत एकदा. नवा नोड सगळ्यात जास्त फसवतो. जुन्या इमेजवरून उभा केलेला असतो आणि तिच्यासोबत जुना ५ परत येतो. प्रत्येक नोडचं कॉन्फिगझी मागवा, दोन्ही आकडे तारखेसह रजिस्टरमध्ये लिहा. मोबाइलमध्ये नको, खोलीत टांगलेल्या वहीत, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी येणाऱ्यालाही सापडेल.